तार तपासून घेतलेली आहे

ऑडिटरना जन्मात कोणी फसवलं नव्हतं. हे ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारायची वाट न बघता सांगत. हिशेबतपासणीच्या खात्यात नोकरी, म्हणून इमारतीत सगळे त्यांना ऑडिटर म्हणत. अरेतुरे करणारी माणसं आता दोनच उरली होती, एक आई आणि दुसरी थोरली बहीण. ऑडिटर कलिंगड टिचक्या मारून घेत, चादर उजेडात धरून घेत, आणि खोकल्याचं औषध घेतानासुद्धा बाटली तिरकी करून तळाशी काय बसलंय ते पाहत. फसवलं जाणं हा इतरांना होणारा आजार आहे आणि आपल्याला त्याची लस टोचलेली आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. पुढचा सगळा घोटाळा त्या लशीमुळेच झाला.

सुरुवात झाली ती आईच्या गुडघ्यांपासून. बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे जिन्याचं नाव काढलं तरी कुरकुरायला लागत. म्हणून तळमजल्यावरची सोसायटीची रिकामी खोली भाड्यानं घेऊन आईची तिथं सोय केली होती. कागदावर व्यवस्था चोख होती. सून दोन्ही वेळचं जेवण खाली आणून देई, आणि ऑडिटर सकाळी ऑफिसला जाताना दारातून डोकं आत घालून विचारत, "आई, सगळं ठीक?" आई "ठीक" म्हणेपर्यंत ते फाटकापाशी पोचलेले असत. संध्याकाळी हाच प्रकार उलट दिशेनं होई. आपण आईची दिवसातून दोनदा विचारपूस करतो, असं ऑडिटर लोकांना सांगत, आणि हिशेब म्हणून ते बरोबरही होतं.

मग एका दुपारी आईचा चष्मा खाटेमागं पडला. आईनं हाका मारल्या. चौथ्या मजल्यावर हाक जाणार कशी? बिचारी दिवे लागेपर्यंत भिंतीकडं तोंड करून बसून राहिली. हे तिनं कोणाला सांगितलंही नसतं, पण नेमका जेवण घेऊन आलेल्या सुनेच्या मोबाइलवर ताईचा फोन आला आणि बोलता बोलता आईच्या तोंडून निघून गेलं.

ताई म्हणजे ऑडिटरची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. तिचं साधं बोलणंही फळ्यावर लिहिल्यासारखं असे. ती लगोलग आली, खाटेमागं वाकून पाहिलं, जिना मोजला, आणि भावाला समोर उभं करून म्हणाली, "मी आईला माझ्याकडे नेते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन येईन. तोवर खालून बोलावलेलं वर ऐकू जाईल अशी सोय करून दाखव. मी स्वतः परीक्षा घेईन. ऐकू आलं तर राहू दे, नाही तर आई माझ्याबरोबर येईल."

ताईचं गाव म्हणजे रात्रभराचा प्रवास. आई गेली की जाताना दारातून डोकं आत घालायला कोणी उरणार नाही, हे ऑडिटरना त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. पण तसं बोलून दाखवायची घराण्यात पद्धत नव्हती. ते म्हणाले, "सोय म्हणजे काय, घंटी लावतो. त्यात काय एवढं?"

आता तुम्ही म्हणाल, मोबाइल द्यायचा की. दिला होता ना. आईनं तो रुमालात गुंडाळून डब्यात ठेवला होता, बॅटरी झिजू नये म्हणून. बिनतारी घंटीही आणून झाली. आईनं खाली बटण दाबलं की ती तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या घरी वाजे. बाई दार उघडत, कोणी नसे, बंद करत, पुन्हा वाजे. तिसऱ्या दिवशी त्यांनी घर झपाटलंय असं जाहीर केलं, आणि ऑडिटरनी घंटी गुपचूप परत करून टाकली. राहता राहिली ती जुनी, तारेची घंटी. वर सेलवर चालणारी घंटी, खाली बटण, आणि मधे तार.

तार म्हटल्यावर सेक्रेटरी आले. सोसायटीचे सेक्रेटरी वाईट माणूस नव्हेत, पण कोणतीही गोष्ट सरळ झाली की त्यांना चुकल्यासारखं वाटे. बाहेरच्या भिंतीवर घरचा वीजप्रवाह चालणार नाही, फक्त सेल, असं त्यांनी सांगितलं. ते शहाणपणाचंच होतं. मग म्हणाले, तार दर्शनी भिंतीवरून नको, इमारतीची शोभा जाते. मागून नको, तिथं कपडे वाळत असतात. डाव्या बाजूनं जिना आहे आणि जिना सामाईक आहे. शेवटी तार आईच्या खिडकीतून निघून, इमारतीला वळसा घालून, पाण्याच्या टाकीला प्रदक्षिणा करून, सांडपाण्याच्या नळाशेजारून वर चढेल, असा नकाशा मंजूर झाला. सरळ टाकली असती तर चार मजल्यांच्या उंचीएवढी पुरली असती ती तार आता आख्ख्या आवाराला पुरेल एवढी लागणार होती. हरकत नसल्याची पत्रं गोळा करताना नळाच्या बाजूनं राहणाऱ्या एकानं विचारलं, की विजेमुळे नळाला झिणझिण्या येणार नाहीत ना. ऑडिटरनी त्याला लेखी हमी दिली.

मग ते विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं भेंडोळं काढून दिलं. ऑडिटरनी खिशातला नेलकटर काढला, टोकाचं प्लॅस्टिक सोललं, आणि आत पाहिलं तर तार पांढरी. त्यांचा चेहरा उजळला. माणूस आयुष्यभर ज्या चोराची वाट बघतो तो अखेर समोर यावा, तसं त्यांचं झालं.

"तांब्याची म्हणालात. ही ॲल्युमिनियमची आहे."

दुकानदार शांतपणे म्हणाला, की तांब्याचीच आहे, वरून कल्हई आहे. हवेनं तांबं काळं पडू नये आणि सोल्डर नीट धरावं, म्हणून कथलाचा हात देतात. ऑडिटर हसले. ते हसणं त्यांनी खात्यात कमावलेलं होतं आणि ते पाहून भलेभले रोखपाल घामाघूम होत. तांब्याची तार तांब्याच्या रंगाची असते, हे लहान पोरही सांगेल, असं ते दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलले. गिऱ्हाइकं जमली. एका गृहस्थांनी घेतलेला बल्बही परत केला. दुकानदार म्हणाला, "साहेब, अजून थोडं खरवडून तर बघा." पण तपासणी संपल्यावर पुन्हा तपासणं ऑडिटरच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते ताठ मानेनं बाहेर पडले आणि रस्त्यापलीकडे हातगाडीवर सामान विकणाऱ्याकडून दुसरं भेंडोळं घेतलं. नेलकटरनं सोललं. आत तार अशी लालभडक, की बघत राहावं. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "तार तपासून घेतलेली आहे."

तार टाकायला दोन संध्याकाळी गेल्या. बायकोनं शिडी धरली, आणि अधूनमधून "अहो, एखादा माणूस बोलावला असता तर" एवढंच म्हणाली. सगळं जोडून झालं. आईनं खाली बटण दाबलं. वर घंटी म्हणाली, "ट्."

एवढंच. ट्. झोपेत कुशीवर वळताना माणूस जेवढा आवाज करतो, तेवढाही नाही. ऑडिटर खाली धावले. आई, दाबलंस का? दाबलं. नीट दाबलंस? अरे, बोट दुखेपर्यंत दाबलं. ते वर गेले, घंटी थेट सेलला लावून पाहिली. ती खणखणीत वाजली. खाली आले, बटण उघडून पाहिलं. बटण ठीक. म्हणजे घंटी ठीक, सेल ठीक, बटण ठीक, आणि तार तर तपासून घेतलेली. चारही खाती स्वच्छ असताना तूट येते कुठून, या कोड्यानं ते आईच्या खाटेवर टेकले आणि आईनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

इथं टेलिफोनकाकांचा प्रवेश होतो. काका दुसऱ्या मजल्यावर राहत. सगळी हयात टेलिफोन खात्यात गेली, त्यामुळे तार दिसली की त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होई. ते म्हणाले, तारेतून वीज जाते ती फुकट जात नाही. तार तिला अडवते, त्याला रोध म्हणतात. तार जेवढी लांब तेवढा रोध जास्त, जेवढी बारीक तेवढा जास्त, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धातू कोणता. चांदी सगळ्यात कमी अडवते. तिच्या अगदी पाठोपाठ तांबं. मग सोनं, मग ॲल्युमिनियम. लोखंड रांगेत पार मागं.

"म्हणजे चांदीची तार लावली तर वाजेल?" ऑडिटरनी विचारलं.

"चांदीची लावली तर वाजेलच," काका म्हणाले.

सोनं तांब्याच्या मागं कसं, यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा आणि काकांचा खटका उडाला. सोन्याला नावं ठेवणाऱ्या माणसाशी बाई नंतर कित्येक दिवस बोलल्या नाहीत. ऑडिटर मात्र चांदीनं भारले होते. अख्खी चांदीची तार परवडणार नव्हती, पण मुलामा परवडणार होता. गावात कप आणि ढालींना मुलामा देणारा एक कारागीर होता. त्यानं भेंडोळं हातात घेऊन वरखाली पाहिलं आणि म्हणाला, "देतो. फक्त कशासाठी ते मला सांगू नका."

मुलामा द्यायचा तर वरचं प्लॅस्टिक काढणं आलं. घरादारानं बसून सगळी तार सोलली. सोलायला जागा म्हणून आईची खोली निवडली, कारण वर पसारा होतो असं बायकोचं म्हणणं पडलं. आई एका टोकाशी, ऑडिटर दुसऱ्या टोकाशी, आणि सोलता सोलता आईनं त्यांना त्यांच्याच लहानपणीच्या अशा गोष्टी सांगितल्या ज्या त्यांनी कधी ऐकल्या नव्हत्या. शाळेत असताना त्यांनी रेडिओतला माणूस शोधायला रेडिओ उघडला होता म्हणे. मुलामा होऊन आली तेव्हा तीच तार पुन्हा तिथंच बसून चिकटपट्टीनं गुंडाळली, त्यातही दोन-तीन संध्याकाळी गेल्या. सेक्रेटरींच्या नकाशाप्रमाणं तार पुन्हा चढली. आईनं बटण दाबलं.

"ट्."

ऑडिटर शिडीवरच बसून राहिले. काका खालून म्हणाले, "मुलामा दिलात होय? अहो, मुलामा म्हणजे कातडी. वीज तारेच्या पोटातून जाते. रेडिओच्या लहरींसारखं फार वेगानं थरथरणारं काही असेल तर ते कातडीवरून पळतं, तिथं चांदीचा उपयोग. तुमची सेलवरची घंटी. तिला आत काय आहे याच्याशी मतलब."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही चांदीच्या तारेचं विचारलंत. मुलाम्याचं कुठं विचारलंत?"

यावर सेक्रेटरींनी कळस चढवला. सामाईक भिंतीवर मौल्यवान धातू उघड्यावर आहे, सोसायटी जबाबदार राहणार नाही, हे सभासदांना कळवणं त्यांना भाग होतं. त्यांनी फाटकाजवळच्या फलकावर ठळक अक्षरांत सूचना लावली, की टाकीजवळून चौथ्या मजल्यापर्यंत गेलेली तार चांदीची आहे, तरी कोणी हात लावू नये. येणारे-जाणारे थांबून वाचत, मग मान वर करून तार कुठून कुठं गेलीय ते पाहत. सूचना अगदी नेमकी होती, तार शोधायला कोणालाही त्रास पडला नसता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तार नव्हती.

भिंतीवर नुसते खिळे. ऑडिटर हबकून खाली आले तर फाटकापाशी गर्दी, आणि गर्दीत सेक्रेटरी. तार सापडली होती. चोरानं ती काढून नेली होती, कुठंतरी नीट तपासली होती, आणि परत आणून सूचनेच्याच खिळ्याला अडकवून ठेवली होती. टोकाला त्यानं कानस मारली होती. चांगली खोलवर मारली होती. ऑडिटरनी ते टोक डोळ्यांजवळ धरलं. वर पांढरं, त्याखाली लाल, आणि लालखाली, केसाएवढी जाडी संपली की काळपट करडं लोखंड. पार गाभ्यापर्यंत लोखंड. हातगाडीवाल्यानं लोखंडावर तांब्याचा हात मारून दिला होता, आणि ऑडिटरनी त्यावर स्वखर्चानं चांदी चढवली होती.

लोक काहीबाही बोलत होते. पोलिसांत द्यावं का, यावर सेक्रेटरी म्हणाले की तक्रारीत गेलं काय ते लिहावं लागतं, आणि इथं तर काहीच गेलेलं नाही, उलट आलंय. ऑडिटरना काही ऐकू येत नव्हतं. हातगाडीवाल्यानं फसवलं याचं दुःख होतंच, पण ते त्यांनी सोसलं असतं. आपण जी तार नेलकटरनं तपासून पास केली ती एका भुरट्या चोरानं कानस लावून नापास केली, हे त्यांच्या वर्मी लागलं. त्या दिवशी ते ऑफिसला गेले नाहीत. आईच्या खोलीत जाऊन बसले. आईनं चहा दिला, आणि पहिला कप संपल्यावर दुसरा दिला.

रविवार दोन दिवसांवर आला होता. ऑडिटर छातीवर दगड ठेवून त्या पहिल्या दुकानात गेले. दुकानदारानं ओळखलं, पण ओळख दिली नाही. पांढरी तार त्यानं पुढं ठेवली आणि शेजारी एक कानस ठेवली. ऑडिटरनी कानस मारली. कल्हई गेली, खाली तांबं लागलं, आणि मग कितीही घासलं तरी तांबंच लागत राहिलं. "द्या," ते खालच्या मानेनं म्हणाले. दुकानदारानं कागदात बांधता बांधता एवढंच विचारलं, की बल्ब परत करणारे ते गृहस्थ तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांनाही पाठवाल का.

शनिवारी तार चढली. ऑडिटर वर घंटीपाशी उभे राहिले, बायकोनं खाली जाऊन बटण दाबलं, आणि काय सांगावं! घंटी अशी कडाडली की टेलिफोनकाका दोन मजले खालून धावत वर आले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून पुन्हा बंद केलं. ऑडिटरचे डोळे भरून आले. घरात येऊन त्यांनी पहिल्यांदाच पाय पसरले आणि म्हणाले, आता खालीवर करायला नको, वाजली की जायचं.

रविवारी सकाळी ताई गाडी घेऊन आली. चहासुद्धा न घेता तिनं सगळ्यांना जागा नेमून दिल्या. ती आणि ऑडिटरची बायको वर घंटीपाशी, ऑडिटर चौथ्या मजल्याच्या जिन्यात, आणि खाली खोलीत आई एकटी, कारण परीक्षेत कोणी सांगायला नको. ताईनं गॅलरीतून हात हलवून खूण केली. आईनं खिडकीतून मान हलवली.

घंटी वाजली नाही.

ट् सुद्धा नाही. ताईनं पुन्हा खूण केली, आईनं पुन्हा मान हलवली, घंटी ढिम्म. "ठीक आहे," ताई म्हणाली, आणि ठीक आहे या शब्दांचा अर्थ काय होतो हे तिच्या हाताखाली शिकलेल्या कोणालाही ठाऊक होतं. ती पदर खोचून आईचं सामान बांधायला निघाली. ऑडिटर तिच्या पुढं धावले. चार मजले कसे उतरले ते त्यांना कळलं नाही. मनात एकच, आई चालली. खरी तांब्याची तार, कानस मारून घेतलेली, काल वाजलेली, आणि आई चालली.

खोलीत आई खाटेवर बसली होती. बटण मांडीवर. बटणाचे दोन्ही स्क्रू सोडवलेले, आणि तारेची दोन टोकं तिनं बाजूला नीट घडी घालून ठेवलेली. हातात कात्री होती, तिच्या टोकानंच सोडवले असावेत.

"आई, हे काय केलंस?"

"काढली," आई म्हणाली. "काल ती वाजली आणि तू काल संध्याकाळी आला नाहीस."

तोवर ताई दारात येऊन उभी राहिली होती आणि तिनं ऐकलं होतं. पण हरणं तिच्या रक्तात नव्हतं. ती म्हणाली, "अगं, पण माझ्याकडे प्रत्येक खोलीत घंटी आहे. आणि सगळ्या वाजतात."

"म्हणून तर नको," आई म्हणाली. "हा महिनाभर बिघाड शोधत इथंच बसला होता. रोज. मला इथंच राहू दे, बाई."

ताईनं पिशवी खाली ठेवली. पदर सोडला. मग खिडकीशी गेली आणि बराच वेळ पाण्याची टाकी बघत राहिली, बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

वरून, गॅलरीतून, बायकोनं ओरडून विचारलं, "अहो, बिघाड सापडला का?"

ऑडिटरनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सापडला," ते म्हणाले. "पण वेळ लागेल."

आणि चपला काढून ते आईच्या खाटेवर मांडी घालून बसले.